तीन वाद्ये, दोन श्वास

इंग्रज संगीतकार मॅडलीन ड्रिंग यांनी १९६८ मध्ये फ्लूट, ओबो आणि पियानो या तीन वाद्यांसाठी लिहिलेली त्रयी जेमतेम अकरा मिनिटांची आहे. आपल्याकडच्या मैफलीत बडा ख्याल रंगात येण्यापूर्वीच ती वाजवून संपलेली असते. एवढ्याशा रचनेचा स्वतंत्र विचार करण्याचे कारण असे, की प्रत्येक वाद्यात फुंकर कशी जाते, त्याचा स्वर किती वेळ टिकतो आणि वादकाला दम कोठे घ्यावा लागतो, या गोष्टी रचनाकर्तीने बारकाईने लक्षात घेतलेल्या दिसतात आणि संगीताची सारी बांधणी त्यांवरच उभी केलेली आढळते. सनई आणि पेटी ही दोन्ही वाद्ये पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या मराठवाड्यातील श्रोत्याला, पाश्चात्त्य संगीताचा पूर्वाभ्यास नसला तरी, ही बांधणी सहज उमगण्यासारखी आहे.

ही त्रयी ज्या प्रकारात मोडते त्याला युरोपात चेंबर म्युझिक, म्हणजे दालनात बसून वाजवायचे संगीत, असे म्हणतात. यात वादक दोनपासून आठ-नऊपर्यंत असतात, प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्र स्वरावली येते आणि समोर उभे राहून हातवाऱ्यांनी सर्वांना एकत्र ठेवणारा संचालक नसतो. संगीत आधी लिहिलेले असते, त्यामुळे आयत्या वेळी विस्तार करण्याची मुभा नसते. मात्र कोणी कोणाला केव्हा वाट द्यायची, एखादी जागा किती रेंगाळायची आणि पुन्हा एकत्र कसे यायचे हे वादकांनी एकमेकांकडे पाहून, ऐकून ठरवायचे असते. आपल्या मैफलीत एक मुख्य कलावंत असतो आणि बाकीचे त्याची संगत करतात. चेंबर म्युझिकमध्ये अशी उतरंड नसते. या क्षणी जो पुढे आहे तो पुढच्या क्षणी मागे जातो आणि श्रोत्यानेही एकाच स्वरावलीचा माग काढत न बसता तिन्हींकडे कान ठेवावा अशी अपेक्षा असते.

या प्रकारातील बहुतेक प्रसिद्ध रचना व्हायोलिनच्या कुळातील तंतुवाद्यांसाठी आहेत. फुंकून वाजवायची लाकडी वाद्ये आणि पियानो असा मेळ तुलनेने कमी रचनाकारांनी हाताळला, याचे कारण तो जुळवायला अवघड आहे. मोझार्ट यांनी १७८४ मध्ये पियानो आणि चार सुषिर वाद्ये यांच्यासाठी पंचक लिहिले आणि आपण आजवर लिहिलेल्यांत ते सर्वोत्तम आहे असे वडिलांना पत्रातून कळवले. बेथोवेन यांनी पुढे त्याच वाद्यांचा मेळ घेऊन स्वतःचे पंचक रचले. त्यानंतर मात्र हा प्रवाह बारीक होत गेला. विसाव्या शतकात फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये त्याला पुन्हा पाणी आले, आणि इंग्लंडमध्ये तर आटोपशीर रचनेची आवड एका व्यापाऱ्याने पद्धतशीरपणे रुजवली. वॉल्टर विल्सन कॉबेट हे यंत्रांच्या पट्ट्यांच्या धंद्यात पैसा कमावलेले गृहस्थ व्हायोलिनचे हौशी वादक होते. त्यांनी १९०५ मध्ये चेंबर म्युझिकसाठी स्पर्धा सुरू केली आणि तीत अट घातली, की रचना सलग एकाच विभागाची असावी आणि बारा मिनिटांहून लांबू नये. पहिल्या स्पर्धेचे पारितोषिक विल्यम हर्लस्टन यांना मिळाले. पुढच्याच वर्षी, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते वारले; क्लॅरिनेट, बसून आणि पियानो यांची त्यांची त्रयी मागे राहिली. बसून म्हणजे ओबोच्याच जातीचे, पण खर्जातील लांब वाद्य. १९२४ मध्ये युजीन गूसेन्स यांनी फ्लूट, ओबो आणि पियानो या नेमक्या तीन वाद्यांसाठी छोटी रचना केली; त्यांचे बंधू लिऑन गूसेन्स हे ओबोचे असे वादक होते, की त्यांच्या वादनामुळेच हे वाद्य इंग्लंडमध्ये एकल वादनाच्या योग्यतेचे मानले जाऊ लागले. ड्रिंग यांची त्रयी या परंपरेत बसते.

ओबो मराठी वाचकाला नावाने अनोळखी असला तरी जातीने ओळखीचा आहे. दोन पातळ पत्त्या एकमेकींवर बांधून त्यांच्यामधल्या फटीतून हवा सोडायची, पत्त्यांच्या कंपनातून आवाज निर्माण करायचा आणि तो खाली रुंद होत जाणाऱ्या नळीतून बाहेर काढायचा, हे तत्त्व सनईचे आणि ओबोचे एकच आहे. बीडहून मांजरसुंब्याच्या घाटाकडे जाताना बालाघाटाच्या पायथ्याशी, बिंदुसरा प्रकल्पाच्या शेजारी वसलेले पाली हे गाव घेतले किंवा मराठवाड्यातील दुसरे कोणतेही गाव घेतले, तरी दुहेरी पत्तीचा हा धारदार, किंचित अनुनासिक आवाज तेथील कानांना लग्नातून आणि देवळातून परिचित असतो. त्याच लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांकडे असणारे क्लॅरिनेट मात्र वेगळ्या घराण्याचे आहे. त्याला एकच पत्ती असते, ती मुखनळीवर बांधलेली असते आणि हे वाद्य आपल्याकडे इंग्रजांच्या लष्करी बँडांमधून आले. फ्लूटला पत्तीच नसते. बासरीप्रमाणे तिच्यात छिद्राच्या कडेवर फुंकर आपटून आवाज निघतो. फरक इतकाच, की आजची फ्लूट बहुधा धातूची असते, तिच्यावर कळा बसवलेल्या असतात आणि तरीही जुन्या लाकडी रूपामुळे तिची गणना लाकडी सुषिर वाद्यांतच होते.

सनई आणि ओबो यांच्यातला खरा भेद कळांचा आहे. सनईची छिद्रे बोटांनी थेट झाकली जातात, त्यामुळे छिद्र अर्धे उघडून, ओठांचा दाब बदलून वादक एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकतो; मींड हा सनईचा प्राण या उघड्या छिद्रांमुळेच शक्य होतो. ओबोवर चांदीचा मुलामा दिलेल्या कळांचे गुंतागुंतीचे जाळे असते आणि त्यामुळे सप्तकातील बाराही स्वर सारख्याच सफाईने व वेगाने काढता येतात, पण मींड जवळपास हातची जाते. एकाने घसरण मिळवली, दुसऱ्याने उडी. ओबोची पत्ती बोरूच्या जातीच्या वनस्पतीपासून तासतात आणि व्यावसायिक वादक बहुधा ती स्वतःच तयार करतात. पत्ती काही दिवसांत निरुपयोगी होते, त्यामुळे ओबोवादकाच्या आयुष्यातला मोठा वेळ चाकूने पत्ती तासण्यातच जातो, ही त्या व्यवसायातली नेहमीची तक्रार आहे.

श्वासाच्या बाबतीत फ्लूट आणि ओबो ही एकमेकांच्या अगदी विरुद्ध टोकाची वाद्ये आहेत. फ्लूटमध्ये फुंकलेल्या हवेचा मोठा भाग छिद्राच्या बाहेरच निसटतो. खालच्या सप्तकात लांब स्वर धरायचा तर छातीतली हवा भराभर संपते आणि वादकाला वारंवार दम घ्यावा लागतो. ओबोच्या पत्त्यांमधली फट इतकी चिंचोळी असते, की तीतून हवा फारच थोडी जाते. तेथे वादकाची अडचण हवा संपण्याची नसून न संपण्याची असते. छातीत वापरलेली, अशुद्ध झालेली हवा कोंडून राहते आणि स्वरवाक्याच्या शेवटी वादकाला आधी ती बाहेर टाकावी लागते आणि मगच नवी आत घेता येते. सनईवाल्यांच्या ताफ्यात हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवलेला असतो. एक जण केवळ आधारस्वर धरून बसतो, तो नाकाने श्वास घेत गालांतली हवा पुढे ढकलत राहतो आणि सूर अखंड ठेवतो, त्यामुळे मुख्य वादक थांबला तरी पोकळी जाणवत नाही. युरोपीय लिखित संगीतात सहसा असा आधारस्वर नसतो. तेथे दम घेण्याची जागा रचनाकारालाच योजावी लागते, नाहीतर वाक्य मध्येच तुटते. ज्याला बोटांची माहिती आहे पण श्वासाची नाही असा रचनाकार कागदावर सुंदर दिसणारी आणि वाजवताना जीव काढणारी रचना लिहितो, आणि अशा रचनांची उदाहरणे थोरामोठ्यांतही सापडतात.

पियानोला श्वासच नसतो. कळ दाबली की हातोडी तारेवर आपटते आणि त्या क्षणापासून स्वर विझायला लागतो. तो फुगवता येत नाही, की धरून ठेवता येत नाही. या बाबतीत तो पेटीहून अगदी वेगळा आहे, कारण पेटीचा भाता चालू आहे तोवर तिचा स्वर जिवंत राहतो आणि म्हणूनच ती गळ्याची सावली होऊ शकते. पियानो सावली होऊ शकत नाही, पण एकाच वेळी दहा बोटांनी दहा स्वर उमटवून तो दोन सुषिर वाद्यांच्या खाली स्वरांची जमीन अंथरू शकतो. वेगवेगळे स्वर एकदम वाजवून त्यांच्या परस्परसंबंधातून रंग निर्माण करणे, यालाच हार्मनी म्हणतात. आपल्याकडे षड्ज स्थिर राहतो आणि स्वरावली त्याच्याशी नाते सांगते, तर हार्मनीत खालची जमीनच बदलत राहते आणि वरचा तोच स्वर प्रत्येक वेळी निराळा भासतो. पेटीवर आणि पियानोवर असलेला एक आक्षेप मात्र समान आहे, तो म्हणजे त्यांचे स्वर ठरावीक, समान अंतरावर बांधलेले असतात. याच आक्षेपापोटी १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीवर पेटी वर्ज्य होती आणि तिच्याविरुद्ध लिहिणाऱ्यांत दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स हेही होते. पाश्चात्त्य मंडळींना पियानोची ही मर्यादा चालते. त्रयी वाजवताना फ्लूट आणि ओबो या लवचीक वाद्यांनाच पियानोच्या ताठ सुरांशी जमवून घ्यावे लागते.

मॅडलीन ड्रिंग यांचा जन्म १९२३ मध्ये लंडनच्या हॉर्न्सी भागात झाला. रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक या संस्थेच्या बालविभागात त्यांना व्हायोलिनसाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढे त्याच संस्थेत त्यांनी हर्बर्ट हॉवेल्स यांच्याकडे रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले. राल्फ वॉन विल्यम्स यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. परंतु गंभीर संगीताच्या या दरबारी वाटेवरच त्या राहिल्या नाहीत. त्या गात, अभिनय करीत, पियानो वाजवीत आणि लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवरील गाण्या-नकलांच्या खेळांसाठी, रेडिओ आणि टेलिव्हिजनसाठी गाणी व संगीत लिहीत. १९५३ मधील ‘एअर्स ऑन अ शूस्ट्रिंग’ या गाजलेल्या खेळात त्यांचा वाटा होता. मराठी वाचकाला हा पिंड ओळखीचा वाटावा. गोविंदराव टेंबे यांनी १९११ मध्ये ‘संगीत मानापमान’च्या चाली बांधल्या, पेटीवादनात नाव कमावले, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या प्रभातच्या बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका करून त्याला संगीतही दिले आणि ‘माझा संगीत व्यासंग’सारखे चिंतनपर लेखनही केले. रंगभूमीवर वावरलेल्या संगीतकाराला श्रोता केव्हा कंटाळतो हे नेमके कळते, त्यामुळे तो फापटपसारा टाळतो. ड्रिंग यांच्या त्रयीत हा गुण पहिल्या काही मापांतच दिसून येतो.

१९४७ मध्ये ड्रिंग यांचा विवाह रॉजर लॉर्ड यांच्याशी झाला. लॉर्ड १९५२ पासून लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रात मुख्य ओबोवादक होते आणि तीन दशकांहून अधिक काळ त्या जागी राहिले. ड्रिंग यांनी त्यांच्यासाठी ओबोच्या अनेक रचना केल्या.  या त्रयीतील ओबोच्या वाक्यांची लांबी, त्यांतील विसावे आणि पत्तीला न झेपणारे आघात टाळण्याची हातोटी हे सारे या वाद्याशी असलेल्या दीर्घ सहवासाचे फळ मानायला हरकत नाही.

त्रयीचे तीन विभाग आहेत: द्रुत, विलंबित आणि पुन्हा द्रुत. पहिल्या विभागाची गती खेळकर आणि ठसकेबाज आहे, पण ती सरळ चालीची नाही. मात्रांचे गट मधूनच लहानमोठे होतात, त्यामुळे सम आली असे वाटेपर्यंत ती एक मात्रा आधी येऊन गेलेली असते. तालाच्या आवर्तनाला सरावलेल्या कानाला हे प्रथम खटकते, कारण आपल्याकडे आवर्तन बदलत नाही आणि त्याच्याशी खेळ करण्याचा अधिकार गायकाचा असतो. येथे आवर्तनच खेळ करते. फ्रेंच संगीतकार फ्रान्सिस पुलांक यांचा प्रभाव या विभागावर स्पष्ट आहे. वाक्य आखूड ठेवायचे, विनोद करून लगेच वळायचे आणि मध्येच एखादी हळवी ओळ टाकून ती पुसून टाकायची ही त्यांची ढब ड्रिंग यांनी आत्मसात केली, परंतु जॅझमधून आलेल्या पियानोच्या स्वरगुच्छांमुळे तिला वेगळा रंग चढला आहे.

दुसरा विभाग हा या रचनेचा गाभा होय. त्यातील सुरावट इतकी साधी आहे, की ती एकदा ऐकून गुणगुणता येते, आणि तिच्याखाली पियानो शांतपणे स्वरगुच्छ मांडत जातो. येथे श्वासाचे गणित सर्वांत चांगले ऐकू येते. सुरावट दोन्ही सुषिर वाद्यांत वाटलेली आहे. एक वाद्य ती पूर्ण करते तेव्हा दुसरे ती उचलते, कधी एक वर आणि दुसरे खाली अशी दोन्ही एकत्र चालतात. याचा व्यावहारिक लाभ असा, की ज्याची छाती रिकामी झाली तो भरून घेतो आणि ज्याची कोंडली तो मोकळी करतो, आणि श्रोत्याला मात्र एकच लांब, न तुटलेले गाणे ऐकल्याचा भास होतो. सनईच्या ताफ्यात आधारस्वर देणारा जे काम करतो तेच येथे वाटणीने साधले आहे. दुसरी लक्ष देण्यासारखी गोष्ट म्हणजे तीच सुरावट परत येते तेव्हा पियानोचे स्वरगुच्छ पूर्वीचे असतीलच असे नाही. स्वर तोच, पण खालची जमीन हललेली, त्यामुळे ओळखीचा स्वर किंचित परका होऊन भेटतो. हार्मनी म्हणजे काय, हे पुस्तकातून समजावून घेण्यापेक्षा ही चार मिनिटे दोनदा ऐकणे अधिक उपयोगाचे ठरेल.

तिसऱ्या विभागात आनंदी धावपळ आहे आणि तिच्या मध्यावर रचनाकर्तीने एक धीट गोष्ट केली आहे. पियानो थांबतो आणि फ्लूट व ओबो या दोघांनाच मोकळे सोडले जाते. अशा जागेला कॅडेन्झा म्हणतात. परंपरेने ती एकट्या वादकाने आपली तयारी दाखवण्याची जागा असते आणि जुन्या काळी वादक ती ऐनवेळी रचून वाजवीत; येथे ती दोघांची आहे आणि लिहिलेली आहे. ताल धरणारा पियानो नाही, संचालक तर मुळातच नाही, अशा वेळी दोन वादकांनी एकत्र सुटायचे आणि एकत्र पोहोचायचे तर एकमेकांचा श्वास ऐकण्यावाचून उपाय उरत नाही. तबलजी आणि सतारिये यांच्यातल्या सवाल-जवाबाची येथे आठवण होणे साहजिक आहे, पण तेथे सामन्याची खुमखुमी असते आणि येथे तिचा मागमूस नाही. कॅडेन्झानंतर पियानो परत येतो आणि रचना फार न रेंगाळता संपते.

रचना लिहून झाल्यावर फ्लोरिडात लॉर्ड, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचे मुख्य फ्लूटवादक पीटर लॉइड आणि पियानोवर आंद्रे प्रेविन यांनी ही त्रयी वाजवली. प्रेविन त्या सुमारास याच वाद्यवृंदाचे प्रमुख संचालक झाले होते. शिवाय ते जॅझचे पियानोवादक आणि हॉलिवूडचे संगीतकार म्हणूनही नावाजलेले होते, त्यामुळे पियानोच्या भागातला जॅझचा गंध त्यांना वेगळा समजावून सांगण्याची गरज पडली नसणार. पुढे ही रचना प्रकाशित झाली. ड्रिंग मात्र १९७७ मध्ये, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, मेंदूतील रक्तस्रावाने वारल्या आणि त्यांच्या पुष्कळ रचना छापून लोकांपुढे आणण्याचे काम लॉर्ड यांनी नंतर केले. हयातीत आणि नंतरही बराच काळ त्यांच्या संगीतावर हलकेफुलके असा शिक्का होता. त्या काळच्या इंग्लंडात गांभीर्य म्हणजे कर्णकटुता असे समीकरण मान्यता पावलेले होते आणि स्त्री रचनाकाराने गोड, चटकदार लिहिले की ते आपोआप दुय्यम ठरे. हा निवाडा मान्य करण्याजोगा नाही. चटकदार सुरावट लिहिणे सोपे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ती न तुटता, न कंटाळवता अकरा मिनिटे चालवून पाहावी.

महाराष्ट्रात अशी रचना ऐकायला मिळण्याची वाट मुख्यतः मुंबईतून आणि गोव्यातून जाते. मुंबईच्या धोबी तलाव परिसरातील फुर्ताडोज हे १८६५ पासूनचे दुकान कैक पिढ्यांना पाश्चात्त्य वाद्ये आणि छापील स्वरलिपी पुरवत आले आहे. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेज आणि रॉयल स्कूल्स या संस्थांच्या परीक्षा मुंबई-पुण्यात होतात. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले, आणि नौदलाचे संगीतविद्यालयही कुलाब्यालाच आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएमध्ये, २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद आहे. मुंबईत वाढलेले संगीतकार वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि नंतर पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिकून परतले. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेल्या ‘भूमिका’ या चित्रपटाचे संगीत त्यांचेच. तरीही या सगळ्यात ओबोवादक दुर्मीळच राहिले. वाद्य महाग, पत्ती परदेशातून आणायची किंवा स्वतः तासायची, आणि ज्या काळ्या आफ्रिकी लाकडाचे ते बनते ते तापमान झपाट्याने बदलले की तडकते.

मग ओबोच्या जागी सनई घ्यावी का, असा प्रश्न मराठी श्रोत्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर विभागागणिक वेगळे द्यावे लागते. दुसऱ्या विभागाची सुरावट, सनईच्या पट्टीशी पियानोचा भाग जुळवून लिहिला तर, चांगला वादक नक्कीच वाजवू शकेल; त्याची मींड लिखित स्वरांच्या मधल्या जागा भरेल आणि सुरावट वेगळ्याच अंगाने फुलेल, मात्र पियानोच्या समान अंतरांच्या स्वरांशी त्याचे खटके उडतील आणि कोणीतरी नमते घ्यावे लागेल. पहिल्या आणि तिसऱ्या विभागात मात्र बाराही स्वरांतून भरधाव उड्या आहेत, ज्या अर्धवट झाकलेल्या छिद्रांतून त्या वेगाने स्वच्छ निघणार नाहीत. तेथे कळांचे जाळे असलेला ओबोच हवा.